लावलेला लेप पुन्हा पुन्हा सुटतो: इंजिन ब्लॉकची चीर, गळका प्लग आणि गेलेले आटे

तक्रार साधारण अशी असते. ब्लॉकच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली, तिथून कूलंट पाझरत होतं. घासून, पुसून दोन ट्यूबांचा स्टील इपॉक्सी लावला. महिनाभर सगळं कोरडं. मग एका सकाळी गाडीखाली पुन्हा हिरवा डाग. जुना लेप खरवडला, नवा लावला, तो तीनच आठवडे टिकला. तिसऱ्या वेळी माणूस ट्यूब बदलतो, दुप्पट महाग आणतो, आणि तीही सुटते.

ट्यूबला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. लेप लावायच्या आधीच्या अर्ध्या दिवसात तीन गोष्टी राहून गेलेल्या असतात: धातूत मुरलेलं तेल निघालेलं नसतं, चीर नेमकी कुठे संपते ते पाहिलेलं नसतं, आणि ब्लॉक मुळात तडकला कशामुळे, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. यातलं एक जरी राहिलं तरी काम परत करावं लागतं.

माझ्या हातून हे तीनदा झालंय. जुन्या डिझेल इंजिनाचा बिडाचा ब्लॉक, वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरांभोवतीच्या कूलंटच्या पोकळीच्या) खालच्या कडेला सहा-एक सेंटीमीटरची चीर. तिसरा लेप काढायला छिन्नी घेऊन बसलो, पण छिन्नी लागलीच नाही. नखाने कड उचलली आणि अख्खा लेप खपलीसारखा हातात आला. उलटा करून पाहिला तर आतली बाजू काळपट, तेलकट, आणि तिच्यावर माझ्याच पॉलिश पेपरच्या रेघांचा ठसा, एकेक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. इपॉक्सी रेघांमध्ये अगदी व्यवस्थित बसला होता, फक्त धातूला चिकटला नव्हता. मधे तेलाचा पापुद्रा होता.

गळतंय ते ब्लॉकमधूनच का?

हे आधी पक्कं करा. पाणी उताराने खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, त्यामुळे ओल जिथे दिसते तिथे गळती असेलच असं नाही. हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीची) बाहेरची कड, थर्मोस्टॅटची बैठक, हीटरच्या नळीचा सांधा, वॉटर पंपाखालचं पाझर-छिद्र, कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची गोल पत्र्याची बुचं), या सगळ्यांचं पाणी शेवटी ब्लॉकवरूनच ओघळतं. कूलंट वाळलं की रंगीत पापडी धरते. तिचा माग वर वर काढत जा. सगळ्यात वरचा डाग तो गुन्हेगार.

इंजिन पूर्ण गार असताना बाहेरून धुऊन कोरडं करा आणि रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा असतो, तेवढाच दाब द्यायचा, हौसेने जास्त नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सगळ्या बाजू बघा. काही चिरा गार असतानाच गळतात आणि तापल्यावर धातू फुगून मिटतात, काहींचं नेमकं उलटं. म्हणून गारमध्ये काही सापडलं नाही तर इंजिन कोमट करून पुन्हा बघा. आणि गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही, हे माहीत असलं तरी घाईत विसरलं जातं.

पातळी उतरतेय पण बाहेर थेंब नाही, असं असेल तर प्रकरण आतलं आहे. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ झालंय का, एक्झॉस्टमधून तापल्यानंतरही पांढरी वाफ येत राहते का, आणि ब्लॉक टेस्टरमधला निळा द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरल्यावर पिवळा पडतो का, ते पहा. पिवळा पडला म्हणजे ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतोय. अशा वेळी हेड उतरवावंच लागतं, बाहेरून लेप लावून काही होत नाही. मात्र तेलाच्या झाकणाखाली नुसता पिवळसर फेस दिसला म्हणून घाबरू नका. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो वाफ साचूनही होतो.

आणखी एक: गाडी फार जुनी नसेल तर पाना हातात घेण्याआधी त्या मॉडेलबद्दल निर्मात्याचं काही पत्रक आहे का ते शोधा. २००६ ते २००८ च्या होंडा सिव्हिकपैकी काही गाड्यांत ब्लॉकमधूनच कूलंट गळायचं, आणि कंपनीने त्या दोषापुरती वॉरंटी वाढवून दिली होती. अशा ब्लॉकवर आपण इपॉक्सी थापून बसलो तर हक्काचा बदली ब्लॉक घालवून बसायचो.

कुठे हात घालायचा, कुठे नाही

वॉटर जॅकेटची बाहेरची भिंत ही घरी किंवा छोट्या गॅरेजात दुरुस्त करण्याजोगी जागा. तिथे दाब जेमतेम एक-सव्वा बार आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास. तेवढाही दाब कमी समजू नका. पाच बाय दोन सेंटीमीटरच्या लेपाखाली कूलंट पूर्ण शिरलं तर १.१ बारला तो लेप अकरा किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. म्हणूनच कडेने थोडासा सुटलेला लेप हळूहळू नाही, एकदम जातो.

तेलाच्या गॅलरीवरची, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेवरची, चीर वेगळी. तिथे गरम तेल तीन-चार बारने येतं आणि तेल कुठल्याही लेपाचं वैरीच. मेन बेअरिंगची बैठक, दोन सिलिंडरमधली भिंत, सिलिंडर आणि हेड बोल्ट यांच्यामधला पट्टा, इंजिन माउंटचा कान, या जागांना इपॉक्सी लावणं म्हणजे स्वतःला फसवणं. त्या ब्लॉकला मशीन शॉपचा रस्ता दाखवा.

तडकला कशामुळे?

मला वाटतं सगळ्यात कमी वेळ याच प्रश्नाला दिला जातो. साधं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाला ते सहन होत नाही. अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरत राहिलं की मिश्रण कधीच पातळ झालेलं असतं. दुसरं कारण, तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात ओतलेलं गार पाणी.

तिसरं कारण दिसत नाही म्हणून चकवतं. हेड बोल्टचं भोक तळाला बंद असेल आणि त्यात थोडं तेल किंवा कूलंट साचलेलं असेल, तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला बाहेर पडायला जागा नसते. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो आणि ब्लॉक आतून फुटतो. हेड बसवण्याआधी प्रत्येक भोकात हवा मारणं, डोळ्यांवर चष्मा लावून, हे पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्या त्या डिझेलमध्ये कारण यातलं कुठलंच नव्हतं. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला तीन बोल्ट, त्यातला एक नव्हताच. पट्ट्याचा ताण आणि थरथर उरलेल्या दोघांवर, आणि चीर त्यातल्याच एका बोल्टच्या उंचवट्यापासून सुरू झालेली. मी तीन वेळा लेप लावला आणि तिन्ही वेळा ते ब्रॅकेट तसंच दोन बोल्टांवर परत चढवलं. लेप चांगला लागला असता तरी टिकला नसताच.

चीर संपते कुठे?

डोळ्यांना दिसते तिथे नाही. जुन्या फिटरांची रॉकेल-खडूची रीत इथे अजून चालते. जागा स्वच्छ करून चिरेवर रॉकेलाचा बोळा फिरवा, वीस मिनिटं मुरू द्या, मग फडक्याने पृष्ठभाग खडखडीत कोरडा करा आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळा. आता बघत बसा. चिरेत मुरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो आणि पांढऱ्यावर एक करडी रेघ हळूहळू उमटते. माझी सहा सेंटीमीटरची चीर खडूवर सात सेंटीमीटरच्याही पुढे गेली, आणि शेवटी चक्क वाकून ब्रॅकेटच्या दिशेने वळली होती. त्याआधी मी ज्याला चिरेचं टोक समजून भोक पाडलं होतं ते टोकाच्या बरंच अलीकडे होतं. चीर भोकातून जाऊन पलीकडे निघाली होती.

तयार मिळणारा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर हे त्याच युक्तीचं सुधारित रूप, रेघ जास्त ठळक येते. मशीन शॉपमध्ये बिडाच्या ब्लॉकवर चुंबक आणि लोहभुकटीने चीर पाहतात. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, तिथे डायच वापरायचा.

खऱ्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे, दोन्ही बाजूंना, तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. चिरेचं टोक सुईपेक्षा बारीक असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि ती पुढे सरकते. गोल भोक आलं की तो ताण भोकाच्या घेरावर पसरतो. भोक पाडताना ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, कारण जॅकेटच्या भिंतीच्या मागे कूलंटची पोकळी आणि तिच्यामागे सिलिंडरची भिंत आहे. ड्रिल आरपार गेल्यावर झटक्यात आत घुसतं. अर्थात कूलंट त्याआधी काढलेलं हवं, नुसतं रेडिएटरमधलं नाही, ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडूनही.

तेल काढणं

बिडाच्या पोटात ग्राफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं आणि वर्षानुवर्षं तेल-कूलंटात राहिलेला ब्लॉक ते चिरेतून आत शोषतो. वरून ॲसिटोनने पुसलं की पृष्ठभाग चकचकीत दिसतो, मग इपॉक्सी लावला, इंजिन तापलं, की आतलं तेल घामासारखं वर येतं. लेपामागचा तो काळा पापुद्रा असाच आला होता.

म्हणून घाम आधी काढून टाकायचा. वायर ब्रश आणि कानशीने चिरेवर व्ही आकाराची चर पाडा, भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत. आजूबाजूचा अडीच-तीन सेंटीमीटरचा पट्टा ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. ॲसिटोनने पुसा, पूर्ण उडून जाऊ द्या, मग हीट गनने जागा हाताला चटका बसेल इतकी तापवा. तेल डोकं वर काढेल. पुसा. गार झालं की पुन्हा ॲसिटोन, पुन्हा ऊब. पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. मला त्या चौथ्या वेळी सात फेऱ्या लागल्या आणि पाचव्या फेरीत कंटाळून सोडून द्यावंसं वाटलं होतं.

दोन इशारे. ॲसिटोन ओलं असताना हीट गन जवळ नेऊ नका, भडका उडतो. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर या कामात वापरूच नका. तो तापला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो, वेल्डिंगच्या जागेवर तर नक्कीच धोका.

झालं का ते कळायला पाण्याचा एक थेंब पुरतो. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर तेल आहे. सपाट पसरला तर जागा तयार आहे. ते पाणी वाळवा आणि मग बोट लावू नका, बोटालाही तेल असतं.

भरायचं काय?

सहा-सात सेंटीमीटरपर्यंतच्या, न हलणाऱ्या चिरेला पोलादभुकटी असलेला सावकाश सुकणारा इपॉक्सी ठीक. पाच मिनिटांत दगड होणारे प्रकार टाळा, उष्णतेत ते लवकर मऊ पडतात, आणि नळाच्या सांध्याला लावायची पुटी तर नकोच. जेबी वेल्डचा मूळ प्रकार पूर्ण पक्का व्हायला १५ ते २४ तास घेतो. बाकीच्यांचंही साधारण तसंच, ट्यूबवरचं वाचा. दोन्ही भाग समान घ्यायचे, रंग एकसारखा होईपर्यंत कालवायचे. मिश्रणात काळ्या-पांढऱ्या रेघा दिसत असतील तर ते झालेलं नाही. चरीत दाबून भरा आणि वर दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या. डोंगर रचू नका, जाड लेप जास्त मजबूत नसतो, उलट त्याच्या कडा लवकर उचलतात. ब्लॉक रिकामा आणि कोरडा असेल तर रेडिएटरच्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनरची नळी मिनिटभर धरून हलकी ओढ दिली की इपॉक्सी चिरेत आत खेचला जातो. घरगुती युक्ती आहे, पण फार उपयोगी. थंड जागेत असाल तर जवळ एक दिवा लावून ठेवा. घाईने दुसऱ्या सकाळी इंजिन चालू केल्याने बिघडलेले लेप मी पुष्कळ पाहिलेत.

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर अपेक्षा थोड्या कमी ठेवा. गार ते गरम असा ऐंशी अंशांचा फरक धरला तर शंभर मिलिमीटर लांबीचं बीड ०.०८ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, तेवढंच ॲल्युमिनियम ०.१८ मिलिमीटर. आकडे किरकोळ वाटतात, पण ही ओढाताण इंजिन तापेल आणि गार होईल तेवढ्या वेळा होते, आणि ती कडेच्या चिकटीवरच येते. ॲल्युमिनियमवर घासल्या घासल्या ऑक्साइडचा थर धरू लागतो, म्हणून शेवटचं घासणं आणि लेप यांत तासांचं अंतर पडू देऊ नका. चांगला टिग वेल्डर मिळत असेल आणि ब्लॉक उघडलेलाच असेल तर ॲल्युमिनियमला मी वेल्डिंगच निवडेन.

बिडाचं वेल्डिंग मात्र ज्याला त्याला देऊ नका. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के, त्यामुळे सांधा झटकन गार झाला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, आणि शेजारी नवीन चीर उघडते. नीट करणारा माणूस ब्लॉक आधी तापवतो, निकेलचा रॉड वापरतो, बोटाच्या पेराएवढा टाका मारून हातोडीने ठोकून घेतो, आणि शेवटी ब्लॉक वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश गार करतो. गाडीत इंजिन तसंच ठेवून दहा मिनिटांत टाका मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

बिडासाठी माझ्या मते सगळ्यात भरवशाचं काम म्हणजे टाके घालणं, मेटल स्टिचिंग. चिरेवर भोक पाडायचं, आटे मारायचे, खास पिन आवळून बसवायची, वरचा भाग कापून ठोकायचा, मग पुढचं भोक आधीच्या पिनेचा थोडा भाग खात पाडायचं. अशा एकमेकीत गुंतलेल्या पिनांची साखळी चीरभर जाते. उष्णता अजिबात नाही, म्हणून वाकणं नाही की नवीन ताण नाही. जहाजांच्या प्रचंड इंजिनांचे ब्लॉकही असेच शिवले जातात. वेळ खूप लागतो, एका चिरेला अख्खा दिवस जाऊ शकतो. माझ्या डिझेलला शेवटी चिरेच्या वळलेल्या टोकाला पिना आणि उरलेल्या सरळ भागावर इपॉक्सी असं मिश्र काम केलं, आणि ब्रॅकेटला तिसरा बोल्ट बसवला.

चीर नाहीच, प्लग गळतोय

ब्लॉकच्या बाजूला नाण्यासारखे गोल पत्र्याचे प्लग दिसतात. गोठलं तर हेच निघून ब्लॉक वाचवतात असा समज आहे. खरं तर ओतकामाच्या वेळी आतला वाळूचा गाभा काढायला ठेवलेली ती भोकं आहेत, प्लग फक्त बूच. गोठताना कधी ते निघतात, कधी ब्लॉकच आधी फुटतो. कूलंटमधलं गंजरोधक संपलं की हे पत्रे आतून खाल्ले जातात, आणि बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं. त्यावर इपॉक्सी लावून महिन्या-महिन्याला परत येणारे लोक आहेत. पत्राच उरलेला नसताना लेप कशाला धरणार?

प्लग बदलणं सोपं आहे. पंच एका कडेला ठेवून ठोका, प्लग आडवा फिरेल, मग पक्कडीने बाहेर ओढा. सरळ ठोकलात तर तो आत जॅकेटमध्ये पडेल, आणि तो काढायचा खटाटोप सांगण्यासारखा नाही. बैठकीतला गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढा, कडेला सीलंटचा पातळ थर लावा, वाटीच्या आत बरोबर बसणारं सॉकेट घेऊन नवीन प्लग सरळ ठोका. कड भोकाच्या उताराच्या जराशी खाली गेली की थांबा. एक गळला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, तेही बदलून टाका, गिअरबॉक्समागचा सोडून, कारण त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आटे गेले

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्ट फिरतच राहतो, आवळत नाही. पुष्कळ जण आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळतात किंवा एक नंबर मोठा बोल्ट जबरदस्तीने घालतात. दोन्ही वेळा उरलेले आटेही जातात. इथे तारेचं इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, घालायचं. एम८ बोल्टसाठी साधारण ८.४ मिलिमीटरचं ड्रिल लागतं, पण किटमध्ये जे दिलंय तेच वापरा, टॅपही (आटे पाडायचं हत्यार) किटचाच, साधा एम१० चा टॅप चालत नाही. भोक सरळ राहिलं पाहिजे, हाताच्या ड्रिलने डोळा मोजून केलं तर बोल्ट तिरका बसतो. ड्रिलला ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून येईल. इन्सर्ट पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा फेरा आत गेलं पाहिजे, मग तळाची जीभ तोडून बाहेर काढा. ती आत पडू देऊ नका.

हेड बोल्टसाठी तारेपेक्षा घट्ट बुश, म्हणजे आत-बाहेर आटे असलेली धातूची नळी, बरे. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार व्ही-८ इंजिनांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून हेड बोल्टचे आटे उखडून येण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, आणि तिथे टाइम-सर्टसारखे पोलादी बुश हाच रुळलेला उपाय झाला.

आणि आटे गेले आहेत असं वाटतंय तिथून कूलंटही येत असेल तर आधी बघा ते भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडतंय का. बऱ्याच इंजिनांत काही बोल्ट थेट पाण्यात उतरतात आणि त्यांच्या आट्यांना सीलंट लावूनच बसवायचे असतात. तसा बोल्ट कोरडा बसवला की गळती सुरू, आणि दोष जातो ब्लॉकवर.

हेड बसतं त्या वरच्या पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांत तपासा. मर्यादा मॅन्युअलमधली, अनेक इंजिनांत ती ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्याबाहेर असेल तर पृष्ठभाग मशीनवरच घ्यायचा. जुनं गॅस्केट काढायला ड्रिलवर खरखरीत चकती लावून ॲल्युमिनियमचा ब्लॉक घासू नका. मधे खळगे पडतात, आणि चकतीतून निघालेली भुकटी तेलात जाऊन बेअरिंगं खाते. प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर, दोन्ही वापरा.

बाटलीतलं औषध

रेडिएटरमध्ये ओतायचं ब्लॉक सीलर बहुतेक वेळा सोडियम सिलिकेट असतं. गळतीच्या जागी त्यातलं पाणी उडून जातं आणि काचेसारखा थर उरतो. रस्त्यात अडकलात, घरी पोचायचंय, तर ठीक. पण बरीचशी सीलर अँटिफ्रीझबरोबर मिसळली की त्याची जेली होते, म्हणून आधी सगळं कूलंट काढून साध्या पाण्याने धुवावं लागतं, आणि हे बाटलीवर लिहिलेलं असूनही कोणी वाचत नाही. मग हीटरचा बारीक कोअर तुंबतो आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

तेल दुधाळ असेल तर ही बाटली उघडूच नका. २००९ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना होती, तिच्यात जमा झालेली इंजिनं पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून तेल काढून त्या जागी हेच सोडियम सिलिकेट भरत आणि इंजिन चालू करत. काही मिनिटांत बेअरिंगं जखडून इंजिन कायमचं बंद. कूलंट आणि तेल आतून एकत्र होत असतील तर तुमचं सीलरही त्याच बेअरिंगांकडे निघालेलं असतं.

काम झाल्यावर

इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर कूलंट योग्य प्रमाणात भरा, हवा नीट काढा. हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग जास्त तापतो आणि नव्या लेपाचीच परीक्षा होते. गारमध्ये प्रेशर टेस्टरने कॅपएवढा दाब द्या, काटा पंधरा मिनिटं हलता कामा नये. मग इंजिन तापवा, पंखा लागेपर्यंत चालवा, रात्रभर गार होऊ द्या. असे तीन फेरे झाल्यावर पुन्हा टेस्टर. पहिल्या फेऱ्यात कोरडं राहून तिसऱ्यात पाझरलेले लेप पाहिलेत, म्हणून एकावर समाधान मानत नाही.

एक्सपान्शन टँकवर पातळीच्या जागी पेनने रेघ मारा आणि पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, बघा. हवा बाहेर पडते म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी खाली येईल. त्यानंतरही उतरत राहिली तर छिन्नी घेऊन लेपाकडे धावू नका, आधी टेस्टर लावा. माझ्या डिझेलची पातळी आठव्या दिवशी बोटभर उतरली तेव्हा मी लेप खरवडायला बसलोच होतो. गळत होती ती खालच्या होजची क्लिप, जी मी स्वतःच कूलंट काढताना सैल केली होती.